रेंट झीरो, फ्रीडम फुल्ल वगैरे

मागच्या विकांताला पुण्याहून एका मित्राची मेल आली. कॉलेजपासूनचा मित्र, मेकॅनिकलची डिग्री घेऊन गेली सहा वर्षं हिंजवडीत जावा लिहितोय. आता कंपनी त्याला लंडनला पाठवतेय. मेलमध्ये तीन व्हिडिओंच्या लिंका आणि खाली एकच ओळ: "तुझ्यासारखी बोट घ्यायचा विचार आहे. रेंट झीरो, फ्रीडम फुल्ल. काय म्हणतोस?"

काय म्हणतो ते एका ओळीत मावणार नाही, म्हणून हा लेखप्रपंच. शिवाय अशी मेल मला आलेली ही पहिली नव्हे. मी गेली तीन वर्षं इंग्लंडमधल्या कालव्यावर नॅरोबोटीत राहतो हे कळलं की हापिसातलेही दर महिन्याला कोणीतरी डोळे चमकवत हेच विचारतात.

ज्यांना नॅरोबोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथले बरेचसे कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा आणि इतर माल वाहायला खोदले. पाण्याची पातळी बदलते तिथे बोट चढवा-उतरवायला लॉक असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेले दगडी हौद. त्यातले पुष्कळ लॉक फक्त सात फूट रुंद. म्हणून बोट सहा फूट दहा इंच. आतून जेमतेम सहा फूट मिळतात. लोकलच्या डब्याची रुंदी निम्मी करा आणि त्यात स्वैपाकघर, पलंग, संडास, कोळशाची शेगडी आणि डिझेल इंजिन कोंबा, झालं माझं घर. लांबी पन्नास फूट. वेगमर्यादा ताशी चार मैल.

तर त्या व्हिडिओंबद्दल. तिन्ही बघितले. सकाळचं धुकं, छतावर तुळस लावावी तशा कुंड्या, वाफाळता कप, पाण्यावर बदकं. एकातही कोणी गुडघ्यावर बसून इंजिनाखाली हात घातलेला दिसला नाही. एकातही कोणी संडासाची पेटी उचलून चालत नव्हतं. माझा आक्षेप असा की हे नुसतं सुंदर चित्रण नाही, ही थाप आहे. ज्या कामात या लोकांचा निम्मा दिवस जातो तेच कापून टाकलंय. आणि ही थाप आपल्या धंद्यातल्या लोकांना पटकन पचते, कारण देखभाल हे काम आहे असं आपण मानतच नाही. "सपोर्ट प्रोजेक्टला टाकलं रे" हे आपल्यात कुठल्या सुरात बोलतात ते आठवा.

मी वेगळा नव्हतो. पहिल्या हिवाळ्याचीच गोष्ट सांगतो.

बोटीचा पंखा फिरवणारा दांडा इंजिनातून निघून बोटीच्या मागच्या पत्र्यातून पाण्यात जातो. म्हणजे पाण्याखाली, तुमच्या घराच्या भिंतीला चक्क भोक आहे. त्या भोकाला स्टर्न ग्लँड म्हणतात. मेकॅनिकलवाल्यांनो, पंपाचं ग्लँड पॅकिंग आठवा, तेच. दांड्याभोवती पॅकिंग आणि त्यात दाबलेलं ग्रीस एवढ्यावर पाणी अडतं. दिवसभराचा प्रवास संपला की ग्रीसच्या पितळी टोपणाला, हाताला जोर लागेपर्यंत, एखाद-दोन पीळ द्यायचे. दहा सेकंदांचं काम. नाही दिलंत तर थेंब थेंब पाणी आत येत राहतं आणि तळातल्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये, साचतं. तिथे एक पंप असतो, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टोपण पिळणं मला कमी दर्जाचं वाटलं असावं. मी काय केलं, तर बिल्जमध्ये सेन्सर बसवला, त्याला रास्पबेरी पाय जोडला, फोरजी राउटर लावला आणि फोनवर पाण्याच्या पातळीचा झकास आलेख आणला. पाणी वाढलं की अलर्ट. हापिसात सगळ्यांना दाखवला. डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नाला बारा दिवस नाशिकला गेलो, तिथेही मांडवात दाखवला. ग्रीसचा पीळ मात्र निघायच्या घाईत राहिला.

आता हिशेब बघा. माझ्याकडे ११० अँपिअर-तासांच्या तीन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. कागदावर ३३०, पण अशा बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या की खराब होतात, म्हणजे वापरायला १६५. त्यातही त्या जुन्या, तेव्हा खरे शंभरेक धरा. राउटर आणि पाय मिळून दहा-बारा वॅट खातात. बारा व्होल्टवर दिवसाला वीस-बावीस अँपिअर-तास झाले. इंग्लंडच्या डिसेंबरात छतावरच्या सोलर पॅनेलमधून, त्यावर ओली पानं साचलेली असताना, त्याच्या निम्मेही येत नव्हते. म्हणजे पंपाची वीज माझा आलेख खात होता. नवव्या दिवशी बॅटऱ्या बसल्या. पंप थांबला, आणि त्याच क्षणी पंप थांबल्याचं मला कळवणारी यंत्रणाही थांबली. फोनवर शेवटची नोंद दिसत राहिली: पातळी सामान्य.

बोट वाचली ती शेजारच्या बाईंमुळे. वय सत्तरीच्या आसपास, वीसेक वर्षं पाण्यावर राहतायत. कुत्रा फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की माझ्या बोटीची मागची बाजू चार बोटं खाली बसलीय. त्यांनी स्वतःचा पंप आणून पावसात उभं राहून पाणी काढलं. मी परत आलो तेव्हा गिअरबॉक्स निम्मा बुडल्याची रेघ दिसत होती. अजून थोडं खाली गेली असती तर मागची भोकं पाण्याखाली जाऊन बोट तळाला, माझी एकोणचाळीस हजार पौंडांची सगळी बचत त्यात. बाईंनी माझा सेन्सर बघितला, काही बोलल्या नाहीत, आणि टोपणाला दोन पीळ दिले. ठिबकणं थांबलं.

तर "रेंट झीरो" म्हणणाऱ्यांनो, भाडं हे नुसतं मालकाच्या खिशात जाणारं पाप नसतं. त्यात ज्याची तुम्हाला कधी फिकीर करावी लागत नाही असं बरंच काही असतं. इथे ते सगळं तुमच्यावर. बोट पोलादाची, साधारण तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा, वरचा भाग चार. गंज ती रोज थोडी खातो. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढायची, पाण्याच्या झोताने खरवडायची आणि बिटुमेनचे दोन-तीन हात द्यायचे. पोलादाऐवजी आधी गंजावेत म्हणून तळाला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात, ते संपत आले की नवे लावायचे. धक्क्यावरची वीज घेतलीत तर अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्याच्या बोटीशी जोडली जाते, आणि त्याच्या बोटीपायी तुमचा पत्रा झिजू शकतो. त्यासाठी वेगळं उपकरण. इंजिनाचं तेल दर अडीचशे तासांनी. चार वर्षांनी एकदा सुरक्षेची तपासणी. बंद डब्यात शेगडी, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. २०१९पासून तो सक्तीचाच झाला, आणि हे एक यंत्र असं आहे की ज्याची थट्टा मी करणार नाही. लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा, गॅस आणि दुरुस्त्या धरून माझा महिन्याचा खर्च पाचशे पौंडांच्या आसपास जातो. लंडनच्या भाड्यापेक्षा कमी, कबूल. पण त्यात आठवड्याचे दहा-बारा तास मिळवा, ते कुठल्याच व्हिडिओच्या हिशेबात नाहीत. फ्रीडमचं म्हणाल, तर कायमचा धक्का नसलेल्या बोटीला १९९५च्या कायद्यानुसार एका जागी साधारणपणे चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. जानेवारीत, गारठ्यात, हापिसचं रिलीज असलं तरी दोर सोडायचे.

आणि संडास. माझा पेटीवाला आहे. वीसेक लिटरची पेटी, चार-पाच दिवसांनी भरते, ती उचलून ठरलेल्या जागी नेऊन ओतायची, धुवायची, परत आणायची. आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "अरे, एवढं शिकून तिकडे जाऊन स्वतःचा मैला स्वतः उचलतोस?" मी हसलो होतो. नंतर मात्र तिचं वाक्य डोक्यात राहिलं. स्वतःचा स्वतः उचलण्यात लाज कसली? आमच्या सोसायटीतला तो दुसरा कोणीतरी उचलायचा, त्याचं नाव मला कधी ठाऊक नव्हतं, आणि त्याची लाज कोणालाच वाटली नाही. हाताने मैला उचलायला लावण्यावर आपल्याकडे १९९३मध्ये कायदा झाला, २०१३मध्ये पुन्हा करावा लागला. आपल्याकडे देखभालीला जात आहे, साहेब. म्हणून आपल्याला ती दिसत नाही, आणि म्हणूनच व्हिडिओत ती गायब असली तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही.

भाडं वाचवायला बोटीत राहण्याची आयडिया नवीन नाही, हेही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, आणि नावाड्यांनी घरं सोडून बायकामुलांसकट बोटीत मुक्काम हलवला. घरभाडं वाचलं आणि बायको-मुलं बिनपगारी कामगार झाली. आठ-दहा फूट लांबीच्या खोलीत अख्खा संसार. हाल इतके की १८७७ आणि १८८४मध्ये गर्दी, आरोग्य आणि मुलांच्या शाळेसाठी कायदे करावे लागले. त्यांच्या दारांवरची गुलाब आणि किल्ल्यांची चित्रं आज पर्यटकांच्या मगांवर छापतात. चित्रं शिल्लक राहिली, काम करणारे हात गेले.

हे फक्त बोटीपुरतं असतं तर मी एवढा तापलो नसतो. कालव्याचंही तेच चाललंय. कालव्यांना पाणी पुरवणारं टॉडब्रुक धरण बघा. १ ऑगस्ट २०१९ला त्याच्या सांडव्याच्या काँक्रीटला भगदाड पडलं, खालच्या व्हेली ब्रिज गावातून सुमारे दीड हजार माणसं हलवावी लागली, आणि हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर दगड-खडीच्या पिशव्या टाकत होतं. ते फोटो जगभर गेले. नंतरच्या स्वतंत्र चौकशीचा निष्कर्ष असा, की सांडव्याची रचनाच सदोष होती आणि अधूनमधून होणाऱ्या देखभालीने तिची अवस्था आणखी बिघडली. "अधूनमधून"! हेलिकॉप्टरला पैसे असतात, सांडव्याच्या फटीतलं गवत उपटायला नसतात. जुलै २०२३मध्ये इथल्या सरकारने काय जाहीर केलं? कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचं अनुदान २०२७पासून दहा वर्षं दरवर्षी पाच टक्क्यांनी घटत जाणार. ट्रस्टने आपल्या बाजूने एप्रिल २०२४पासून आमच्यासारख्या फिरत्या बोटींच्या लायसन्सवर जादा आकार लावला. काठच्या पायवाटेवर धावणारे, सायकलवाले, कालव्याचं दर्शन घडतं म्हणून फ्लॅट चढ्या भावाने विकणारे बिल्डर, हे सगळे कालव्याचे चाहतेच. पण टोपण पिळायची पाळी आली की सगळ्यांची नजर दुसरीकडे.

मग तू का राहतोस, असं मित्र विचारणारच. राहतो, कारण मला आवडतं. बॅटरीत किती उरलंय, टाकीत पाणी किती, कोळशाच्या किती गोण्या राहिल्यात हे मला झोपेतसुद्धा ठाऊक असतं आणि ते ठाऊक असणं मला बरं वाटतं. पण हा छंद आहे, आणि महागडा. त्याला स्वस्तात मुक्ती म्हणून कोणी विकायला लागलं की माझं डोकं फिरतं.

मित्राला उत्तर पाठवलंय: जूनमध्ये येऊ नकोस, नोव्हेंबरात ये. आठवडाभर राहा. शेगडी तू पेटवायची, ग्रीस तू द्यायचं, पेटी तू न्यायची. मग बोट बघायला आपण दोघं जाऊ, आणि सगळ्यात आधी तिचं मागचं झाकण उघडून बिल्ज बघू.

अजून रिप्लाय नाही. असो, अंधार पडायला लागलाय, टोपण पिळून येतो.