शेतीच्या वाटेवरील विद्युत मोटारसायकल : अपेक्षा वेगाची नव्हे, भरवशाची

पहाटेच्या अंधारात दूध संकलन केंद्राकडे निघालेल्या मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले असतात. तीच मोटारसायकल दुपारी तालुक्याच्या बाजारातून युरियाची 45 किलोची गोणी आणते, सायंकाळी वैरणीचा भारा वाहते आणि रात्री वीज येण्याच्या पाळीनुसार शेतकऱ्याला विहिरीपर्यंत पोहोचवते. नोंदणीच्या कागदावर ती खासगी दुचाकी असली, तरी व्यवहारात ती शेतीचे अवजारच आहे. विद्युत मोटारसायकलींच्या नव्या मॉडेलांची चर्चा मात्र कमाल वेग, काही सेकंदांत गाठलेली गती, रंगीत पडदा आणि मोबाइलशी जोडणी यांभोवतीच फिरत राहते. ग्रामीण चालकाच्या अपेक्षा याहून साध्या आहेत. परंतु त्या पूर्ण करणे अधिक अवघड आहे.

या अपेक्षांचे मोल आकड्यांवरून लक्षात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी आहे. 2024-25 या आर्थिक वर्षात देशात सुमारे 1.96 कोटी दुचाकी विकल्या गेल्या व त्यांतील सुमारे 1.22 कोटी मोटारसायकली होत्या. त्याच वर्षी विद्युत दुचाकींनी 11 लाखांचा टप्पा ओलांडला. पण त्यांत जवळजवळ सर्वच स्कूटर होत्या. स्कूटरची लहान चाके व जमिनीपासूनची कमी उंची शहरातील डांबरी रस्त्याला मानवते; चाकोरीची वाट, ओढा आणि शेताचा बांध यांना नाही. मोठ्या चाकांची, बळकट सांगाड्याची मोटारसायकल ही खेड्याची गरज आहे आणि विद्युत वाहनांचा प्रसार नेमका तेथेच अडखळला आहे.

2019 मध्ये रिव्होल्टची आरव्ही 400 बाजारात आली. त्यानंतर पुण्याच्या टॉर्कची क्रेटॉस, बंगळूरूच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ 77, ओबेनची रॉर, ओलाची रोडस्टर अशी मॉडेले आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही प्रगती लक्षणीय आहे. तथापि त्यांतील अनेकांचा रोख शहरातील तरुण चालकाकडे आहे. दोन कॅन दूध घेऊन दिवसातून दोनदा खेप करणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेले मॉडेल शोधावे लागते.

पल्ला कोणता खरा?

प्रत्येक ग्राहकाचा पहिला प्रश्न एका चार्जिंगमध्ये वाहन किती किलोमीटर धावेल, हा असतो. जाहिरातीतील आकडा बहुधा ठरावीक चालन चक्रानुसार, नियंत्रित परिस्थितीत मिळवलेला असतो. वाहनांची परस्पर तुलना करण्यासाठी तो उपयुक्त आहे; शेतकऱ्याच्या दिनक्रमाचे चित्र मात्र त्यातून उभे राहत नाही.

एक साधा हिशेब पाहता येईल. 40 लिटरचे दोन कॅन भरले, तर दुधाचेच वजन सुमारे 82 किलो होते. कॅनचे वजन मिळवले की भार एक क्विंटलच्या जवळ जातो. त्यात चालकाचे 65 किलो आणि वाहनाचे सव्वाशे किलो धरल्यास एकूण वस्तुमान 290 किलोच्या आसपास भरते. एवढे वस्तुमान 300 मीटर उंचीच्या घाटावर चढवण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 0.24 युनिट ऊर्जा लागते. मोटार व नियंत्रकातील हानी धरता बॅटरीतून सुमारे 0.28 युनिट खर्च होतात. 3 युनिट क्षमतेच्या बॅटरीचा जवळपास दहावा भाग एका चढावात संपतो. सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला 30 वॅट-तास खर्च धरला, तर हा चढ 9 किलोमीटरचा पल्ला गिळतो. उतारावर पुनर्निर्माण ब्रेकमुळे यातील काही अंश परत मिळतो, सर्व नव्हे. कच्च्या, ओल्या वाटेवर चाकांना होणारा रोध डांबरी रस्त्याच्या दुपटीहून अधिक असू शकतो, हे वेगळेच. हिमाचलच्या सफरचंदबागांत, कोकणातल्या घाटवाटांवर किंवा मेघालयाच्या डोंगराळ गावांत हा हिशेब रोजचाच आहे.

म्हणूनच चालकांची पहिली रास्त अपेक्षा ही की, नव्या मॉडेलसोबत दोन पल्ले जाहीर व्हावेत : एक रिकाम्या वाहनाचा आणि दुसरा पूर्ण भारासह कच्च्या व चढाच्या रस्त्यावरचा. दुसरा आकडा लहान असेल. पण पहाटेची खेप त्याच आकड्यावर आखता येते. वाटेत वाहन थांबले तर शहरी चालकाचा वेळ जातो. दूध उत्पादकाचे दूध नासते व त्या दिवसाचे उत्पन्न जाते.

बचत खरी, पण बॅटरी टिकली तर

विद्युत वाहनाकडे ग्रामीण चालक आकर्षित होतो तो चालवण्याच्या खर्चामुळे. भार घेऊन दिवसाला 50 किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारसायकलीला सुमारे एक लिटर पेट्रोल लागते, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्याच कामासाठी विद्युत मोटारसायकलीला चार्जिंगमधील हानी धरून साधारण अडीच युनिट वीज पुरते. युनिटला 8 रुपये दर धरला तरी हा खर्च 20 रुपये होतो. वर्षात 300 दिवस काम धरल्यास बचत 24,000 रुपयांच्या घरात जाते. किमतीतील फरक या गतीने काही वर्षांत भरून निघू शकतो.

हा हिशेब एका अटीवर उभा आहे : बॅटरी टिकली पाहिजे. वाहनाच्या किमतीतील मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो. ती चौथ्या वर्षी बदलावी लागली, तर आधीच्या तीन वर्षांच्या बचतीचा बराचसा भाग त्यातच जातो. शासकीय अनुदानाचा आधारही कमी होत आहे. फेम-2 योजनेत जून 2021 पासून दर किलोवॅट-तासाला 15,000 रुपये मिळत. जून 2023 पासून ते 10,000 झाले. 1 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ते पहिल्या टप्प्यात 5,000 व पुढे 2,500 रुपयांवर आले. बाजारपेठ स्वतःच्या पायावर उभी राहावी हा यामागील हेतू योग्य आहे. मात्र अनुदान घटत असताना टिकाऊपणाची हमी वाढली नाही, तर जोखमीचा सारा भार अल्पभूधारकावर पडतो.

येथे बॅटरीच्या रसायनाचा प्रश्नही येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तुलनेने जड असते. परंतु ती उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि चार्जिंगची आवर्तने अधिक सोसते. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यातील 45 अंश तापमानात पत्र्याच्या गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या वाहनाला हलकेपणापेक्षा ही स्थिरता मोलाची आहे. 2022 मध्ये विद्युत स्कूटरना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरी सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. मानक झाले; पण ज्या घरात वैरणीच्या गंजीजवळच वाहन चार्ज होते, तेथे विश्वास कागदावरून नव्हे, अनुभवातून निर्माण होतो.

वीज गावाची, वेळ शेताची

तिसरी अपेक्षा चार्जिंगची आहे. महामार्गावरील जलद चार्जर खेड्यातील चालकाच्या फारसा कामाचा नाही. त्याला घरातील 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रीत वाहन पूर्ण चार्ज व्हायला हवे. सायंकाळी गावातील विजेचा दाब खाली येतो, मध्येच वीज जाते व परत येताना दाब एकदम वाढतो. हे चढउतार सोसणारा चार्जर, त्यात अंगभूत संरक्षण आणि सॉकेटला योग्य अर्थिंग यांशिवाय महागडी बॅटरीही लवकर खराब होईल. बॅटरी काढून घरात नेता येणे ही सोय वाटते. परंतु 3 युनिटची बॅटरी 20 किलोच्या आसपास असते. ती दोन भागांत असावी, ही मागणी घरातील स्त्रिया व वृद्ध यांचा विचार करता अगदी वाजवी आहे.

शेतीकडे याबाबत एक बलस्थान आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून देशभर सौर कृषिपंप बसवले जात आहेत. पावसाळ्यात आणि दोन हंगामांच्या मधल्या काळात पंप बंद असतो. सौर पटले मात्र वीज निर्माण करू शकतात. कडबाकुट्टी, पिठाची गिरणी अशा कामांसाठी ही वीज वापरू देणारे सार्वत्रिक सौर पंप नियंत्रक उपलब्ध आहेत. 3 अश्वशक्तीच्या पंपाचे सुमारे 3 किलोवॅटचे पटल चांगल्या उन्हात काही तासांत मोटारसायकलीची बॅटरी भरू शकते. उत्पादकांनी या नियंत्रकाशी जुळणारा चार्जर दिला, तर शेतावरच इंधनाची सोय होईल.

याउलट वाहनाची बॅटरी शेताच्याही उपयोगी पडावी. पाठीवरच्या फवारणी पंपाची 12 व्होल्ट, 12 अँपिअर-तासाची बॅटरी जेमतेम 0.15 युनिट साठवते. 3 युनिटच्या वाहनातून असे अनेक पंप भरता येतील किंवा रात्रीच्या मळणीला दिवा लावता येईल. मोटारसायकलीला एक सुरक्षित वीजबाहेरची जोडणी देणे तंत्रदृष्ट्या कठीण नाही.

दुरुस्तीचा हक्क

पेट्रोल मोटारसायकलीचे यश तिच्या इंजिनाइतकेच चौकाचौकातल्या मेकॅनिकमध्ये आहे. विद्युत वाहनात फिरते भाग कमी, म्हणून बिघाड कमी, हे खरे. पण बिघाड झाला की दोष सॉफ्टवेअरमध्ये दडलेला असतो आणि त्याची किल्ली दूरच्या शहरातील सेवा केंद्राकडे असते. पेरणीच्या आठवड्यात वाहन आठ दिवस अडकून पडणे शेतकऱ्याला परवडत नाही. दोषाचा संकेत पडद्यावर मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत दिसावा. सुटे भाग तालुक्याला मिळावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या दुरुस्तीचे शिक्षण दिले जावे आणि मोबाइलचे नेटवर्क नसतानाही वाहन सुरू व्हावे, एवढीच ही मागणी आहे. तारांना उंदरांपासून संरक्षण आणि धुण्याच्या पाण्याने न बिघडणाऱ्या जोडण्या यांचाही त्यात समावेश व्हावा. गोठ्याशेजारी राहणाऱ्या वाहनाच्या या नित्याच्या अडचणी आहेत.

अवजाराची चाचणी अवजारासारखी

दुचाकीवर क्विंटलभर भार वाहू नये, त्यासाठी तीनचाकी आहे, असा आक्षेप घेतला जाईल. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु अरुंद पायवाटेच्या पलीकडील दोन एकरांच्या मालकाला तीनचाकी घेणे शक्य नसते आणि तिच्यासाठी वाटही नसते. भार वाहिला जाणारच असेल, तर तो सुरक्षितपणे वाहिला जाईल अशी रचना करणे हाच विवेक. मजबूत मागील सांगाडा, कॅन व क्रेट अडकवण्यासाठी कारखान्यातूनच दिलेले खुंट, भारानुसार जुळवता येणारे शॉक ॲब्सॉर्बर आणि भारासह तपासलेले ब्रेक यांतून अपघातही कमी होतील.

ट्रॅक्टरच्या बाबतीत देशाने ही दृष्टी पूर्वीच स्वीकारली आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची ओढक्षमता, इंधनाचा वापर आणि प्रत्यक्ष कामातील कामगिरी तपासते व तिचे अहवाल उपलब्ध असतात. शेतकऱ्याच्या मोटारसायकलीला असा न्याय मिळालेला नाही. वाहन संशोधन संस्था आणि कृषी अभियांत्रिकी संस्था यांनी एकत्र येऊन भार, चढ, चिखल, उष्णता व कमी दाबाची वीज या पाच कसोट्यांवर विद्युत मोटारसायकलींची चाचणी निश्चित करावी आणि तिचे निष्कर्ष भारतीय भाषांत प्रसिद्ध करावेत. सक्ती लगेच नसली तरी चालेल; स्वेच्छेने चाचणीला उतरणाऱ्या उत्पादकाला ग्रामीण बाजारपेठेत त्याचे श्रेय मिळेल.

सव्वा लाखाचे वाहन हा अनेक कुटुंबांचा वर्षातील सर्वांत मोठा खर्च असतो. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा असतो, म्हणून शेतकरी ती विश्वासाने विकत घेतो. विद्युत मोटारसायकलीवरही तसाच एक प्रामाणिक आकडा असावा : भरल्या कॅनसह ती किती दूर जाईल आणि किती वर्षे जात राहील.