राष्ट्राचे नृत्य आणि निर्मात्याला गोळी

पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाची राजधानी कोनाक्री. तेथील विमानतळाला २०२१ च्या अखेरीस लष्करी राजवटीने देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अहमद सेकू तुरे यांचे नाव दिले. तुरे यांच्या काळात तुरुंगात ज्यांची माणसे मारली गेली, त्या कुटुंबांनी याचा निषेध केला. त्या मारल्या गेलेल्यांमध्ये फोदेबा केइता हे एक नाव आहे. ज्या नृत्यसंस्थेमुळे गिनी हा छोटा देश जगाला माहीत झाला, त्या ‘ले बाले आफ्रिकां’चा हा संस्थापक.

फोदेबांचा जन्म १९२१ चा, सिगिरी गावचा. सेनेगलमध्ये शिक्षण घेऊन ते कायदा शिकायला पॅरिसला गेले. तेथे ते कविता लिहू लागले. फ्रान्ससाठी महायुद्धात लढून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा १९४४ मध्ये सेनेगलमधील थियारोय येथे फ्रेंचांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. फोदेबांची एक कविता या प्रकरणावर आहे. वसाहतीच्या सरकारने त्यांच्या लेखनावर बंदी घातली. लेखणी अडवली, तेव्हा रंगमंच हाच त्यांचा फड झाला. १९५२ हे त्यांच्या संस्थेचे स्थापनावर्ष मानले जाते.

या गोष्टीचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. याच पॅरिसमध्ये १९३१ साली वसाहतींचे प्रदर्शन भरले होते. तेथे काळी माणसे बघण्याची वस्तू होती. वीस वर्षांनंतर त्याच शहरात आफ्रिकी माणसांनी आपले नृत्य स्वतः बसवले, स्वतः सादर केले आणि तिकीट काढून आलेल्या गोऱ्यांना ते दाखवले. काय दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रथमच नाचणाऱ्यांच्या हाती आला.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी गिनीने सार्वमतात द गॉल यांच्या राज्यघटनेला ‘नाही’ म्हटले. फ्रेंच आफ्रिकेत असे म्हणणारी ही एकमेव वसाहत. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. फ्रान्सने सूड म्हणून आपले अधिकारी आणि मदत काढून घेतली. अशा वेळी नव्या देशाकडे जगाला दाखवण्यासारखे होते ते हे नृत्य. संस्था राष्ट्रीय झाली. १९५९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोहोचली. अमेरिकेत नर्तकींच्या उघड्या छातीवरून वाद माजला. ज्या देशातल्या दक्षिणी राज्यांत काळ्यांना बसमध्ये मागे बसवले जात होते, तेथे सभ्यतेची चर्चा चालली होती! पुढे जेंबे हा ढोल जगभर पोहोचला, त्यातही या दौऱ्यांचा मोठा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट. मांदे समाजात गाणे-बजावणे हा ‘जेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांचा जन्माने ठरलेला धंदा. लोहाराचा धंदाही तसाच, चामड्याचाही तसाच. लग्न आपल्याच गटात. ही व्यवस्था आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. केइता हे तर जुन्या माली साम्राज्याच्या राजघराण्याचे आडनाव. ते लावणारा माणूस नृत्यसंस्था काढतो आणि जेली व बिगरजेली एकाच मंचावर एकत्र येतात, ही साधी गोष्ट नव्हे.

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. स्वतंत्र गिनीच्या सरकारने त्याच काळात दक्षिणेच्या जंगलभागात ‘अंधश्रद्धा निर्मूलना’ची मोहीम चालवली. तेथील लोकांचे मुखवटे जप्त केले, जाळले; त्यांच्या दीक्षाविधींवर बंदी आणली. आणि तेच मुखवटे राष्ट्रीय मंचावर नाचत राहिले! गावात गुन्हा आणि थिएटरात राष्ट्राची शान, हा कुठला न्याय? अंधश्रद्धा गेलीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु ती शिक्षणाने जाते, माणसाला विचार करायला लावून जाते. सत्तेच्या धाकाने फक्त माणूस गप्प बसतो. लोकांची कला हवी, पण ते लोक नकोत, अशी ही सत्तेची वृत्ती होती.

या वृत्तीचा शेवटचा घाव फोदेबांवरच पडला. ते अंतर्गत व्यवहार आणि संरक्षण खात्यांचे मंत्री होते. फ्रान्झ फॅनन यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांचा गौरव केला होता. त्यानंतर आठच वर्षांनी, १९६९ मध्ये, फोदेबांना कटात सामील असल्याच्या आरोपावरून अटक झाली. कोनाक्रीच्या कॅम्प ब्वारो या छावणीत त्यांना ठेवले गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात गोळ्या घालण्यात आल्या. उघड खटला नाही, वकील नाही, अपील नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली यांचाही अंत १९७७ मध्ये याच छावणीत झाला.

काही जण म्हणतील, फोदेबा स्वतः त्या सरकारात सुरक्षा सांभाळत होते, त्यांच्याही काळात माणसे पकडली गेली. बरोबर आहे. त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. पण निःपक्ष खटल्याचा हक्क काही संतांसाठी राखून ठेवलेला नसतो. तो आरोपीसाठी असतो. किंबहुना ज्याने सत्तेत असताना तो हक्क इतरांसाठी जपला नाही, त्याच्यावर वेळ आली तेव्हा तो कोठेच उरलेला नव्हता, हाच या कहाणीचा धडा आहे.

१९८४ मध्ये तुरे वारले, सरकारी आधार आटला, अनेक वादक-नर्तक परदेशी जाऊन शिकवू लागले. संस्थेचे नाव टिकले, जेंबे टिकला. कॅम्प ब्वारोतील मृतांचे वारस मात्र आजही सत्य मागत आहेत.

कलावंताला शाल आणि टाळ्या देणारी सरकारे पुष्कळ असतात. त्यांना एकच प्रश्न विचारला पाहिजे: हा कलावंत उद्या तुमच्या विरोधात बोलला, तर त्याला वकील मिळेल काय? गिनीत तो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. आज त्या विमानतळावरून कलावंत दौऱ्यावर निघतात, तेव्हा दारावर नाव असते ते गोळी घालणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाचे.