पिवळ्या पानावरची सही



पावसाळ्याच्या आधी आमच्या जयेंद्रगंजच्या घरातला माळा रिकामा करायचा ठरला. छत गळतं, त्यामुळे खालचं सामान तरी वाचवावं, एवढाच विचार होता. तिथल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची स्वाक्षऱ्यांची वही सापडली. तळहाताएवढी, गुलाबी-हिरव्या-पिवळ्या पानांची. बहुतेक सह्या त्यांच्या मास्तरांच्या आणि मित्रांच्या. एका पिवळ्या पानावर मात्र निळ्या शाईत, इंग्रजीत, दोनच शब्द : रूप सिंग. तारीख नाही, गाव नाही, शुभेच्छा नाहीत.

टोरांटोला असलेल्या आतेभावाला व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं. तो आइस हॉकीचा वेडा. निवृत्त खेळाडूंच्या सह्या केलेल्या रबरी चकत्या त्याच्या दिवाणखान्यात काचेत ठेवलेल्या आहेत. तो उडालाच. "अरे दादा, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला माणूस! इकडे असं काही असतं तर चांगले पैसे आले असते. किंमत तरी काढ!"

आमच्या पिढीतल्या अनेकांना रूपसिंग म्हणजे फक्त स्टेडियमचं नाव वाटतं, म्हणून थोडक्यात सांगतो. मेजर ध्यानचंद यांचे हे धाकटे भाऊ. जन्म १९०८ चा, जबलपूरचा. पुढे शिंद्यांच्या फौजेत नोकरी, म्हणून ग्वाल्हेरचे झाले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं. त्या २४ गोलांपैकी १० एकट्या रूपसिंगांचे, ८ ध्यानचंदांचे. चार वर्षांनी बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नं हरवणाऱ्या संघातही ते होते. पुढची दोन ऑलिंपिकं महायुद्धानं गिळली. १९७७ साली ग्वाल्हेरातच त्यांचं निधन झालं.

त्या २४-१ च्या सामन्याचा एक किस्सा सांगतात. आपला गोलरक्षक रिचर्ड ॲलन याला काही कामच उरलं नव्हतं, म्हणून तो गोलच्या मागे प्रेक्षकांना सह्या देत उभा होता आणि तेवढ्यात अमेरिकेनं आपला एकमेव गोल केला! खरंखोटं देव जाणे, पण सहीची किंमत एक गोल, असा हिशेब बहुधा तेवढाच असेल.

आता आमच्या सहीची किंमत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला मी फोटो पाठवले. बोलण्यातून कळलं, की खेळाडू मोठा म्हणून सही महाग, असं सरळ गणित नसतं. आइस हॉकीचा वेन ग्रेट्झकी १९९९ साली निवृत्त झाला. एवढा मोठा खेळाडू, पण आजच्या काळातले असे खेळाडू टेबलाशी बसून ढिगानं सह्या करतात, सोबत प्रमाणपत्रही मिळतं. माल भरपूर, त्यामुळे साधी सही सामान्य माणसालाही परवडते. रूपसिंगांच्या काळी सह्यांचा असा बाजार नव्हता. म्हणजे सह्या कमी, म्हणून मोल जास्त. पण त्याच कारणानं ताडून पाहायला नमुनेही कमी. शिवाय या नावाची माणसं आपल्याकडे कितीतरी!

मग त्यानं तीन प्रश्न विचारले. ही सही कुठे घेतली? कधी? आणि हे कोणी सांगितलं? उत्तरं नसतील तर हा नुसता जुना कागद आहे, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. मी सॉफ्टवेअरवाला. तारीख-वेळ नसलेल्या लॉगवर मीही विश्वास ठेवत नाही. त्याचं म्हणणं पटलं.

आणि मग मला २४ फेब्रुवारी २०१० ची संध्याकाळ आठवली.

सचिन आपल्याच गावात, कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर खेळत होता. तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून सगळं घर टीव्हीपुढे. सचिन १९९ वर एका टोकाला उभा आणि दुसऱ्या टोकाला धोनी चेंडू फटकावतोय. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक एका धावेवर आलेलं. नेमकं तेव्हाच आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले, "हे मैदान मुळात हॉकीचं बरं का. हा रूपसिंग, मी त्याला एकदा..."

"आजोबा, नंतर!" मी ओरडलो. मीच. बाबांनीही "अण्णा, थांबा हो जरा" म्हटलं. सचिननं ती धाव काढली, आम्ही नाचलो, रस्त्यावर फटाके फुटले. आजोबाही टाळ्या वाजवत होते. ती 'नंतर' काही आली नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

व्यापाऱ्याच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या अर्ध्या वाक्यात होती.

मी आत्याला फोन केला. तिला एवढंच आठवतं, की अण्णा लग्नाआधी सायकलवरून हॉकीचे सामने बघायला जात. सहीबद्दल तिला काही ठाऊक नाही. मग मी एका वेगळ्या कागदावर लिहिलं : "ही वही आजोबांची. ते हॉकीचे सामने बघत, असं आत्या सांगते. रूपसिंगांबद्दल ते २०१० साली काही सांगणार होते. आम्ही ऐकलं नाही." खाली माझी सही केली आणि तारीख घातली. कागद वहीसोबत ठेवला. वही विकायची नाही, असं बाबा म्हणाले. आतेभावाला ते पटलं नाही, पण तो गप्प बसला.

तुमच्याकडे अशी वही, पत्र किंवा फोटो असेल तर लॅमिनेशन करू नका, फिकट शाई गिरवू नका, उन्हापासून आणि ओलीपासून जपा. आणि घरात कोणी सांगणारं असेल, तर मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा. मॅच चालू असली तरी.

काही हाती लागलं तर मंडळाला जरूर कळवा. भेटू पुढच्या अंकात!