विश्लेषण : क्षयाचा जंतू एकच, मग काटे घासणारे तिशीतच का दगावत?

क्षयाचा जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. १९व्या शतकातील शेफील्डच्या नोंदी वेगळेच सांगतात. सुऱ्या-काट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडच्या या शहरात माणूस कोणती वस्तू घासतो, यावर त्याचे आयुष्य ठरत होते.

नोंदी काय सांगतात?

तेथील डॉक्टर अरनॉल्ड नाइट यांनी १८३० मध्ये या कामगारांच्या आजारावर लेख लिहिला. शहरात असे सुमारे २,५०० कामगार होते. जेवणाचे काटे घासणारे सुमारे १५०, त्यांतील ७० तर कोवळी मुले. काटे घासणारे २८ ते ३२व्या वर्षी दगावत, सुऱ्या घासणारे ४० ते ५०व्या. शहर एक, धंदा एक, फरक पाण्याचा. सुऱ्या ओल्या दगडावर घासल्या जात, काटे कोरड्या.

धुळीचा क्षयाशी संबंध काय?

चाक वाळूच्या दगडाचे असे. त्यातून उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि जंतूंचा फडशा पाडणाऱ्या पेशींनाच मारते. मग क्षयाला रान मोकळे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. तोपर्यंत धुळीचा आजार कुठे संपला आणि क्षय कुठे सुरू झाला, हे सांगणे अवघडच होते.

उपाय नव्हता का?

होता. धूळ ओढून घेणारा पंखा. पण अनेक कामगारांनीच तो नाकारला. माणसे जास्त जगली तर धंद्यात हात वाढतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण नगावर पोट भरणाऱ्याचा तो रोकडा हिशेब होता. पंखा बसवायला लावण्याचा अधिकार कारखाना निरीक्षकांना मिळाला १८६७ च्या कायद्याने. म्हणजे नाइट यांच्या लेखानंतर ३७ वर्षांनी, काटे घासणाऱ्याच्या अख्ख्या आयुष्याहून उशिरा.

आज याचे काय?

आज आपल्याकडे क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. ते हवेच. पण दगडखाणीत आणि खडी क्रशरवर तीच धूळ उडते आहे. बरा झालेला कामगार पुन्हा त्याच धुळीत उभा राहणार असेल, तर उपचार अर्धेच. म्हणून 'खोकला किती दिवसांपासून?' याबरोबर 'काम काय करता?' हेही केसपेपरवर यायला हवे. आणि पाण्याचा फवारा मालकाच्या मर्जीवर सोडता कामा नये.