खूण हरवूं नये

श्रीवर्धनच्या वाड्यांत पिकणाऱ्या रोठा सुपारीची ख्याति आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फळ पोफळीवर असतें तोंपर्यंत तें अमुक वाडीचें असें सांगतां येतें. तें वाळून, सोलून, इतर दहा वाड्यांच्या मालांत मिसळून पोत्यांत पडलें, कीं त्याची ओळख संपली. पुढें गिऱ्हाइकास एखादें खांड किडकें निघालें तर दोष कोणाचा हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं; आणि मग एकाच्या निष्काळजीपणाचा बट्टा सगळ्या गांवाच्या मालास लागतो.

आजच्या कारखान्यांपुढेंही हाच प्रश्न आहे. तेथें रात्रंदिवस एकसारखे नग बाहेर पडतात. त्यांतील हा कोणता व तो कोणता, हें ओळखावें कसें? आमच्या वैशेषिक दर्शनानें या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला आहे. दोन घट भिन्न, कारण त्यांचे अवयव भिन्न. परंतु ज्यांस अवयवच नाहींत असे एकाच जातीचे दोन परमाणु भिन्न कां? म्हणून प्रत्येक परमाणूच्या ठायीं ‘विशेष’ नांवाचा पदार्थ मानावा लागला, व त्यावरूनच त्या दर्शनास नांव पडलें. कारखान्यांतील नगांस डोळ्यांना दिसेल असा विशेष निसर्ग देत नाहीं. तो मनुष्यानेंच अंक घालून द्यावा लागतो.

हें दोन रीतींनीं करितात. जो माल मोजतां येतो, त्याच्या प्रत्येक नगास क्रमांक देतात. मोटारीवर कोरलेला सतरा अक्षरांकांचा क्रमांक हें याचें उत्तम उदाहरण होय. एक व शून्य या अंकांशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यांत आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें मुळींच घेत नाहींत. गाडी एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकते, तसतशी कोणता भाग कोठें व केव्हां बसविला याची नोंद त्या क्रमांकापुढें होत जाते.

जो माल ओतला जातो, त्याची गोष्ट निराळी. औषधाच्या टांकींतील थेंबावर अंक कसा घालणार? तेथें घड्याळ हीच खूण. टांकीपासून बाटलीच्या तोंडापर्यंत पोंचण्यास किती वेळ लागतो हें ठाऊक असलें, म्हणजे अमुक वाजतां भरलेली बाटली कोणत्या टांकींतील हें मागें मोजून काढितां येतें. दोन टांक्यांचा माल जेथें एकमेकांत मिसळतो, तेवढ्या बाटल्या दोहोंच्या नांवें मांडाव्या लागतात. आमच्या गृहिणी चकल्यांचा ‘घाणा’ म्हणतात, तीच कारखान्यांतील बॅच.

या अंकाचें मोल किती, हें मुंबईच्या एका प्रकरणावरून कळेल. १८९६ सालीं त्या शहरांत प्लेग उद्भवला. वाल्डेमार हाफकीन यांनीं त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें परळ येथें ती मोठ्या प्रमाणावर होऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस ती टोंचण्यांत आली, आणि त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. ते सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. ती ४१ दिवसांपूर्वीं तयार झालेली होती.

ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकीन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. परंतु दोष एकाच बाटलीपुरता आहे, हें त्या क्रमांकामुळें नाकारतां येईना. ती उघडली त्या वेळीं तिला दुर्गंधि नव्हती, अशीही साक्ष निघाली. धनुर्वाताचे जंतु इतके दिवस आंत वाढले असते तर ती यावयास हवी होती. बूच काढण्याचा चिमटा मुलकोवाल येथेंच जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां वापरला गेला, असें आढळलें. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत त्यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षीं ते दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

यांतून दोन बोध घ्यावयाचे. अंक माल शुद्ध करीत नाहीं. तो केवळ सत्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवितो. त्यानें दोषी सांपडतो, आणि निर्दोषाचा कैवारही तोच घेतो. दुसरें असें, कीं साखळीची शेवटची कडी कारखान्याच्या दाराबाहेर असते. चिमटा परळास पडला नव्हता.

ती शेवटची कडी आज आपल्याच घरीं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशांत औषधांच्या ३०० नाममुद्रांवर ठिपक्यांची चौकट, म्हणजे क्यूआर कोड, छापणें सक्तीचें झालें आहे. त्यांत बॅच, उत्पादक व मुदत हीं सर्व असतात. परंतु आपण गोळ्यांच्या पट्टीचें नेमकें छापील टोंकच आधीं कापून टाकितों, आणि दुधाची भुकटी बरणींत ओतून वेष्टण केरांत देतों. मग एखाद्या बॅचचा माल परत मागविल्याची वार्ता आली, तर आपली गोळी व भुकटी त्यांतली कीं नव्हे हें कोण सांगणार?

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, पट्टीच्या गोळ्या अंक नसलेल्या बाजूनें काढीत जाव्या, सुट्या गोळ्या घेतल्यास दुकानदाराकडून पावतीवर बॅच लिहून घ्यावी, आणि वेष्टणाचा छापील तुकडा डबा रिकामा होईपर्यंत त्याजवळ ठेवावा. यास पैसा पडत नाहीं. घरांत लहान मूल किंवा वृद्ध मनुष्य असेल, तर ही संवय आजपासूनच लावून घ्यावी.