मोडायचा संगणक

शाळेच्या संगणकखोलीतला "हात लावू नये" हा फलक मला कधीच पटला नाही. आमच्या दरेकसासारख्या गावात मूल संगणकाला आधी भितं, मग शिकतं. त्यातून लिनक्सची ती काळी खिडकी! तिथे 'आरएम' आज्ञा दिली की फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. पण मोठमोठे सर्व्हर अशाच आज्ञांवर चालतात, तेव्हा शिकायला तर हवंच.

माझं मत विचाराल तर मुलांना व्हर्च्युअल मशीन द्यावं. २००७ पासून फुकट मिळणारं 'व्हर्च्युअलबॉक्स' टाकलं की संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा राहतो. नुसत्या आज्ञांपुरत्या लिनक्सला १ जीबी रॅम पुरते. आधी 'स्नॅपशॉट' घ्यायचा आणि खुशाल सगळं उडवून द्यायचं. स्नॅपशॉट परत आणला की सारं जागच्या जागी. आमच्या पाटीवर पुसलेलं कुठे परत यायचं! मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल'मधले लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत.

नातवाला माझी एकच अट आहे: 'शेअर्ड फोल्डर' जोडायचा नाही. त्या दारातून 'आरएम' घरच्या खऱ्या फोटोंपर्यंत पोचते. बाकी काय हवं ते मोड म्हटलं. गेल्या आठवड्यात त्याने तीनदा मोडलं, आणि तिसऱ्यांदा का मोडलं ते मलाच समजावून सांगत बसला.