तालमीतली कुस्ती आणि बारा-शून्यचा हिशेब

फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या तळावर भारत आणि अमेरिका यांच्या वायुदलांचा 'कोप इंडिया' हा संयुक्त सराव झाला. काही महिन्यांनी खुद्द अमेरिकेतूनच बातमी आली की, त्यांच्या 'एफ-१५' विमानांना भारतीय वैमानिकांनी बहुतेक लढतींत मात दिली. मी त्या वेळी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. 'अमेरिकेच्या गर्वाचे घर खाली' असे शीर्षक मी मोठ्या हौसेने दिले आणि दुसऱ्या दिवशी आलेले कौतुकाचे फोन तितक्याच हौसेने घेतले. आज ते आठवले की संकोच वाटतो. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. त्या लढतींत अमेरिकी विमाने संख्येने कमी होती. दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर मर्यादा घातलेली होती. आणि या पराभवाचा गाजावाजा अमेरिकेत होत होता त्याच काळात त्यांच्या वायुदलाला 'एफ-२२' या महागड्या विमानासाठी भरघोस निधी हवा होता. हरल्याचेही भांडवल कसे करावे, हे त्यांच्याकडून शिकावे!

आपल्या वैमानिकांचे कौशल्य यामुळे रतिभरही उणे ठरत नाही. पण आपण वाचक आणि आपण पत्रकार, आपल्याला एक खोड जडली आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधील कोनिंग्सबीच्या तळावर 'इंद्रधनुष' सराव झाला तेव्हा आपल्या माध्यमांनी 'सुखोईचा टायफूनवर बारा-शून्य विजय' असा डांगोरा पिटला. ब्रिटिशांनी तो हिशेब मान्य केला नाही आणि दोन्हीकडच्या उत्साही मंडळींमध्ये महिनाभर तू-तू मैं-मैं चालली. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडची तालीम आतून पाहिली आहे, त्यांना यातील विसंगती सांगावी लागणार नाही. तालमीत पैलवान जोडीदाराशी लढतो तो डाव घोटवण्यासाठी. तिथे कोण किती वेळा पाठीवर पडला, याची वही कोणी ठेवत नाही. उलट जो मुद्दाम आपल्यापेक्षा वजनदार जोडीदार मागतो आणि रोज पडून घेतो, त्याच्याकडेच वस्तादाचे लक्ष असते.

अमेरिकेचा 'रेड फ्लॅग' सराव १९७५ मध्ये सुरू झाला तोही पराभवाच्या चिंतनातून. व्हिएतनाममध्ये त्यांची विमाने अपेक्षेपेक्षा फार अधिक पडली. अभ्यासाअंती असे दिसले की, पहिल्या दहा मोहिमांतून जो वैमानिक सुखरूप परततो त्याच्या जगण्याची शक्यता पुढे पुष्कळ वाढते. मग त्या पहिल्या दहा मोहिमा युद्धाआधी नेवाडाच्या वाळवंटातच का उरकू नयेत? इतका साधा विचार. शत्रूची भूमिका करण्यासाठी तिथे स्वतंत्र तुकड्या ठेवल्या आहेत आणि उड्डाणानंतरची झाडाझडती कित्येकदा उड्डाणाहून अधिक काळ चालते. तिथे हुद्दा पाहिला जात नाही, चूक पाहिली जाते. ही दृष्टी आपल्याला परकी आहे असेही नाही. हवाई युद्धाचे डावपेच घडवणारी आपली संस्था फेब्रुवारी १९७१ मध्येच स्थापन झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या युद्धात ती स्वतः रात्रीच्या मोहिमांवर उतरली.

ऑगस्ट २००८ मध्ये भारतीय वायुदल प्रथमच या 'रेड फ्लॅग'मध्ये उतरले. आठ सुखोई-३०, हवेत इंधन भरणारी दोन 'आयएल-७८', एक मालवाहू 'आयएल-७६' आणि सुमारे अडीचशे माणसे. या शेवटच्या आकड्यावर क्षणभर थांबावे. आठ विमाने अर्ध्या पृथ्वीपलीकडे न्यायची तर चाके, सुटे भाग, अवजारे आणि ती हाताळणारे तंत्रज्ञ असा एक छोटा गावच सोबत न्यावा लागतो. आधी आयडाहोतील तळावर पूर्वतयारी झाली आणि मग नेवाडातील नेलिसचा मुख्य सराव. आपल्या विमानांची गुपिते उघड होऊ नयेत म्हणून सुखोईचे रडार केवळ प्रशिक्षणाच्या पद्धतीत चालवले गेले. अर्थात एक हात पाठीमागे बांधून लढणे आले.

पुढे एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या खासगी भाषणाची चित्रफीत बाहेर आली. भारतीय वैमानिकांच्या व्यावसायिकतेची त्याने स्तुती केली होती. पण सोबत असेही सांगितले होते की, इतर देशांच्या विमानांशी जोडणारी डेटालिंक भारतीयांकडे नसल्याने सरावात त्यांच्या हातून मित्रविमानेही टिपली गेली. त्याच्या भाषणात तांत्रिक चुका होत्या, सूरही थोडा चढा होता. आपल्याकडे संताप उसळला आणि त्या संतापात मूळ प्रश्न बाजूला पडला. शेकडो मैलांच्या आकाशात, काही सेकंदांत, समोरचा ठिपका आपला की परका हे ओळखायचे कसे?

सरावात मित्रविमान टिपले तर पडद्यावर एक खूण उमटते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे तसे नव्हते. पाकिस्तानी विमाने सीमेवर आलेली असताना आपल्याच क्षेपणास्त्राने आपले 'एमआय-१७' हेलिकॉप्टर पाडले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक गेले. त्यांत नाशिकचा एक तरुण वैमानिक होता. त्याच नाशिकच्या ओझरला सुखोई बांधली जातात. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक होती, असे जाहीरपणे सांगितले. नेवाडातील सराव आणि बडगाम यांत सरळ कार्यकारणाची रेषा काढणे अन्यायाचे होईल. तिथे विमानांचा प्रश्न होता, इथे जमिनीवरच्या क्षेपणास्त्र-दलाचा. पण प्रश्नाची जात एकच. त्या चित्रफितीच्या निमित्ताने आपण चिडण्याऐवजी सार्वजनिक चर्चेत हा प्रश्न लावून धरला असता, तर निदान पत्रकार म्हणून आपले काम केले असते.

सेनाधिकारी मात्र आपल्यापेक्षा मोकळे निघाले. मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'नंतर संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापूरमध्ये विमानांची हानी झाल्याचे मान्य केले. विमान पडले यापेक्षा ते का पडले हे महत्त्वाचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. डावपेचातील चूक शोधून, सुधारून, दोन दिवसांत विमाने पुन्हा लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी उडाली, हेही त्यांनी सांगितले. देशात त्यावर गदारोळ झाला. काहींना ती कबुली म्हणजे दुबळेपणा वाटला. मला विचाराल तर त्या संपूर्ण आठवड्यातील सर्वांत आश्वासक विधान तेच होते.

परदेशी सराव आता नित्याचे झाले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या चार सुखोई जपानच्या ह्याकुरी तळावर उतरल्या. २०२४ मध्ये आपली राफेल ग्रीस, पोर्तुगाल करीत अटलांटिक ओलांडून अलास्कातील 'रेड फ्लॅग'ला गेली. छायाचित्रे देखणी होती आणि छाती फुगावी अशीच होती. पण वैमानिक घडवायचा तर विमान हवे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले, तेव्हा मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. २०२१ मध्ये मागवलेली ८३ तेजस ठरलेल्या मुदतीत हाती आली नाहीत.

आणि अटलांटिक ओलांडायचे तर हवेत इंधन भरावे लागते. त्यासाठी आपली सारी भिस्त २००३ पासून सेवेत आलेल्या सहा 'आयएल-७८' विमानांवर राहिली. ती पुरेशा प्रमाणात उड्डाणसज्ज नसतात, यावर महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये बोट ठेवले. नव्या विमानांची खरेदी त्याआधी दोनदा निवडीपर्यंत जाऊन रद्द झाली होती. अखेर मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने वायुदल आणि नौदलाच्या वैमानिकांना हवेत इंधन घेण्याचे प्रशिक्षण मिळावे म्हणून एका खासगी परदेशी कंपनीचे एक 'केसी-१३५' विमान कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेण्याचा करार केला. मी घेतो त्या वृत्तपत्रात ती बातमी आतल्या पानावर, एका स्तंभात, खाली होती.